मेथी, रद्दी आणि अण्णांची फाइल

लगदा मिक्सरमध्ये करू नका, ही विनंती आधीच करून ठेवते. आमच्या खिडकीतली, कागद-मेथीच्या लगद्याने लिंपलेली टोपली बघून बऱ्याच मैत्रिणींनी कृती विचारली, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. कृती म्हणाल तर जुने कागद, पाणी, मेथी आणि दोन हात. मिक्सर लावला तर पाच मिनिटांत काम उरकतं, पण मग हाताला करायला काही राहत नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते सगळं हातांबद्दलच आहे.

मी कराडला राहते, हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन करत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेली. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य "नीट बघा" हेच असणार. तांब्या बघा, त्याची कड बघा, सावली कुठे पडलीय ते बघा. डोळा तयार झाला की हात आपोआप तयार होतो, असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवत आलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कारकून होते आणि फायलींवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा ही दोन्ही एकदमच जातात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अण्णांना कळत सगळं होतं. शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचे आणि डोळे भरून यायचे. मग आमचं बोलणं त्यांच्या डाव्या हातावर आलं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. हळूहळू त्या हातातलं बाकीचंही कळायला लागलं. दुखत असताना पकड वेगळी असायची, कंटाळा आला की वेगळी. माझा मुलगा शाळेतून आला की त्यांची बोटं चादरीवर नुसती वाजायची, तबल्यावर वाजावीत तशी.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना ठाऊक असेल, ते सगळं काम स्पर्शाचं असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबा, खांदा इथली कातडी बोटाने तपासायची. गरम लागतेय का, लाल झालीय का, दाबून सोडल्यावर लाली जाते का? गेली नाही तर तिथे जखम धरणार हे समजायचं आणि त्या बाजूवर झोपवायचं नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली असायची. आधी अंगठा सोडवायचा, मग एकेक बोट, मग तळवा पुसून कोरडा करायचा, कारण तिथे घाम साचून वास यायला लागतो. शेवटी कोमट तिळाचं तेल घेऊन दंडापासून मनगटापर्यंत सावकाश हात फिरवायचा. या सावकाश हात फिरवण्याबद्दल मी नंतर वाचलं. लव असलेल्या कातडीत, म्हणजे दंड, पाठ वगैरे भागांत, काही मज्जातंतू असे असतात की ते मंद स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हात फिरला की ते जागे होतात, आणि त्यांचा निरोप मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागाकडे जातो. आपण मायेने ज्या वेगाने कुणाच्या पाठीवरून हात फिरवतो, तो वेग नेमका याच टप्प्यात येतो. हे वाचलं तेव्हा अण्णा नव्हते. पण त्यांच्या हातापर्यंत काहीतरी पोहोचत होतं, याचा मला फार आधार वाटला.

अण्णा गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्याने आणलेला हॉस्पिटलचा पलंग परत गेला. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग यायची आणि काही कळायच्या आत हात पुढे झालेले असायचे, कूस बदलायला. पुढ्यात रिकामी फरशी.

दुःख झालं असं म्हणावं तर तेही नव्हतं. काहीच होत नव्हतं. चहा आणि गरम पाणी यात फरक लागायचा नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "रडून घ्या हो, बरं वाटेल." पण रडणं काही ठरवून येत नाही. एका मैत्रिणीने मंडलांचं, म्हणजे गोलाकार नक्षीचं, रंगवायचं पुस्तक आणून दिलं. मी रंगवलंही, रेषेबाहेर कुठे रंग जाऊ दिला नाही, पण ते माझ्यापर्यंत आलंच नाही. दुसऱ्या कुणी सुचवलं की वडिलांचं व्यक्तिचित्र काढ, तू चित्रकार आहेस. मी कागद लावला, पेन्सिल धरली, डोळे मिटून त्यांना आठवायला गेले आणि समोर आला तो शेवटच्या आठवड्यातला चेहरा, नाकात नळी घातलेला. चाळीस वर्षांचे अण्णा त्या एका चेहऱ्यामागे कुठे गेले, मला सापडेनात. डोळ्यांनी फार बघून झालं होतं. त्यांना आणखी बघायला लावण्यात अर्थ नव्हता.

मग फाइल पुढे आली. अण्णांच्या आजारपणाची फाइल मी त्यांच्याच पद्धतीने ठेवली होती, पंचिंग करून, टॅग ओवून, वर तारखेची अनुक्रमणिका. रिपोर्ट, झेरॉक्स, बिलं, विम्याच्या अर्जांच्या प्रती असं सगळं त्यात होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाट आवरताना मी ती रद्दीच्या ढिगावर ठेवली, तर आई म्हणाली, "अगं, त्यावर त्यांचं नाव आहे, आधारचा नंबर आहे. अशी देऊ नकोस, फाडून टाक."

म्हणून मी फाडायला बसले. माझ्या हाताने लिहिलेले तक्ते, कूस कधी बदलली, पाणी किती गेलं, ताप किती होता, एवढे काढून बाजूला ठेवले. बाकीचं फाडत गेले. चित्रकलेच्या शिक्षिकेला कागदाचा पोत ठाऊक असतो, तरी इतका कागद मी सलग कधी फाडला नव्हता. यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने फाडलं की पट्टी सरळ निघते, तिला आडवं फाडलं की वेडीवाकडी जाते आणि कडेला केसाळ तंतू सुटतात. आवाजही निराळा येतो. सरळ फाडताना एक लांब "सर्र", आडवं फाडताना तुटक, अडखळता. मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून दिशा ओळखायला लागले. झेरॉक्सचा कागद कडक आणि थंड लागतो. वर्तमानपत्राचा मऊ, थोडा भुरभुरीत. विम्याच्या फॉर्मचा पातळ पण चिवट.

आणि फाडता फाडता मला राग आला.

मी दुःखाची वाट बघत होते आणि आला राग. उशीर करणाऱ्या एका माणसाचा राग, लांबून सल्ले देणाऱ्यांचा राग, आणि हे सांगायला जड जातं, पण अण्णांचाही. गोळ्या वेळेवर घेत नव्हते म्हणून. हातातला कागद जोरात फाटत होता, खांदे तापले होते, जबडा आवळलेला होता, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला स्वतःचा जबडा जाणवत होता! आई समोर बसून लसूण सोलत होती. काही बोलली नाही. ढीग झाल्यावर म्हणाली, "एवढा फाडलायसच, तर भिजत घाल. टोपलीला लावू. तुझी आजी लावायची."

आजीची टोपली मला आठवत होती. धान्याच्या टोपल्यांना आणि सुपांना कागद-मेथीचा लगदा लिंपायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. बांबूच्या फटी बुजतात, पीठ-धान्य सांडत नाही, मेथीच्या कडवटपणामुळे कीडही सहसा जवळ येत नाही. आजी ते करताना मला वाटीभर लगदा खेळायला द्यायची.

पद्धत अशी. कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घमेल्यात बुडतील इतक्या गरम पाण्यात घालायचे. वर्तमानपत्र लवकर विरघळतं, झेरॉक्सच्या कागदाला जास्त वेळ लागतो, कारण पाणी पटकन शोषू नये अशी प्रक्रिया त्यावर केलेली असते. उन्हाळ्यात रोज पाणी बदलावं, नाहीतर आंबूस वास धरतो. मूठभर मेथी रात्री वेगळी भिजवायची आणि सकाळी पाट्यावर वाटायची. वाटलेली मेथी चिकट होते, बोट उचललं की तार येते, हाच या कामातला डिंक. मग भिजलेला कागद उखळात किंवा खलबत्त्यात कांडायचा, नाहीतर सरळ मुठीने मळायचा. मी मळते. सुरुवातीला तुकडे तुकडे लागतात, कडा टोचतात. हळूहळू कडा मावळतात. पिळला की बोटांच्या फटीतून करडं पाणी येतं, शाईचं. एका क्षणी हातात कागद राहिलेलाच नसतो. अक्षर नाही, आकडा नाही, तारीख नाही. युरियाचा रिपोर्ट कुठला आणि औषधाचं बिल कुठलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

पाट्यावर मेथी वाटायला घेतली आणि तिचा वास वर आला तशी आजीची पडवी मला जशीच्या तशी दिसली. शेणाने सारवलेली, दुपारची, अण्णा बंडी घालून दाराशी पेपर वाचत बसलेले. तरुण अण्णा. डोळ्यांनी शोधून जे सापडत नव्हते, ते वासाने आणून दिले. याचंही कारण शरीरात आहे. बघितलेलं, ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून जातं. वास त्या नाक्यावर न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांपाशी पोहोचतो. आपण विचार करायच्या आत तो पोहोचलेला असतो.

त्या दिवशी जेवायला बसले. हात चांगले धुतले होते, तरी मेथीचा कडवटपणा बोटांवरून सुटत नाही. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि कडू लागलं. लख्ख कडू. जिभेला काहीतरी लागलं! मी आईला म्हटलं, "आई, कडू लागतंय गं." ती म्हणाली, "लागणारच की." आणि मग मीठ लागलं, लसूण लागला, भाकरीची करपलेली कड लागली. मी त्या दिवशी पोटभर जेवले. रडू नंतर आलं, पुढे केव्हातरी, बाजारात तिळाच्या तेलाच्या बाटलीपाशी उभी असताना.

मला वाटतं कलेतून मन मोकळं करायचं म्हटलं की आपण फार लवकर "काय काढू?" या प्रश्नावर जातो. दुःखाचा रंग कोणता, रागाचा आकार कसा. ज्याला आत काही लागतच नाहीये, त्याने तो रंग आणायचा कुठून? आधी जिभेला कडू लागू दे, बोटाला गार-गरम कळू दे, नाकाला वास येऊ दे. भावना त्याच वाटेने मागून येतात, आणि कुठली आधी येईल ते आपण ठरवू शकत नाही.

शिक्षक होताना आम्ही कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या बालचित्रांच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. परीक्षेपुरत्या. ते व्हिएन्नात अंध मुलांबरोबर काम करायचे हे तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं होतं. त्या मुलांची मातीकामं बघत त्यांनी मांडलं की डोळस माणसांतही दोन प्रवृत्ती असतात. काही जण जग बघून समजून घेतात, काही जण अंगाने, स्पर्शाने. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला सारखं "नीट बघ" म्हणत राहिलं तर तो आपल्याला चित्र येत नाही असं धरून चालतो. अशी कितीतरी मुलं माझ्या वर्गात असतील. आता मी बघण्याआधी तांब्या हातात द्यायला लागले आहे.

बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची "जखमा" ही मालिकाही मला या लगद्याने नव्याने दाखवली. बंगालचा १९४३ चा दुष्काळ या माणसाने तरुणपणी जवळून पाहिला, भुकेल्या माणसांची रेखाटनं केली. पुढे १९७० च्या दशकात, शांतिनिकेतनात, त्यांनी शाई पूर्ण बाजूला ठेवली. मातीच्या किंवा मेणाच्या सपाट थरावर चिरे पाडायचे, भोकं पाडायची, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा पांढरा लगदा दाबून उठवायचा. पांढऱ्यावर पांढरं. माणूस नाही, चेहरा नाही, फक्त कातडीला पडलेली चीर. पुस्तकातल्या छायाचित्रात ही चित्रं मला पूर्वी रिकामी वाटायची. ओला लगदा स्वतः दाबल्यावर कळलं की तो किती मऊ असतो आणि त्यावर नख लागलं तरी खूण कशी कायमची राहते.

आणि शांतिनिकेतनातलेच चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. पन्नाशी ओलांडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी बोटांनी घड्या घालून, चाचपून कागद कापले, चिकटचित्रं केली, मातीत आकार घडवले, आणि १९७२ साली तिथल्या कलाभवनाच्या, म्हणजे कलाशाळेच्या, भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. मुलांना मी हे सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. मग कुणीतरी विचारतं, "बाई, रंग कसा कळायचा त्यांना?" मी म्हणते, सोबतच्यांना विचारायचे, आणि आधी पाहिलेले रंग त्यांच्या मनात होतेच.

शास्त्रीय आधार विचारणाऱ्यांसाठी एक सांगते. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर किंवा कोलाजचं काम करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं, आणि पूर्वी कलेचा सराव होता की नव्हता याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात ते कमी झालं नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायचं. सगळ्यांना सारखं लागू पडेल असं यात काही नाही.

म्हणूनच शाळेत मी शनिवारी मुलांबरोबर हे लगद्याचं काम करते तेव्हा सक्ती करत नाही. एका मुलाला ओल्या लगद्याचा स्पर्श सहनच होत नाही, अंगावर काटा येतो. तो कोरडा कागद फाडतो आणि फाडलेल्या पट्ट्या विणतो, त्याचं त्यात चालतं. एखादा वास कुणाला नकोशा आठवणीत ढकलू शकतो, वासाची ताकद दोन्हीकडे चालते. नको वाटलं की हात धुवायचे, खिडकीपाशी जायचं, पुढे करायचं नाही. आणि झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर लगद्याच्या आधी डॉक्टर. मीही गेले होते. गोळ्याही काही महिने घेतल्या. दोन्ही बरोबर चालतं.

आता कामाच्या गोष्टी. एटीएमच्या आणि दुकानांतल्या गुळगुळीत पावत्या लगद्यात घालू नका, त्या थर्मल कागदाच्या असतात आणि त्यांवर रसायनाचा थर असतो. एक्स-रेची पाकिटं, चकचकीत मासिकांची वेष्टणं, प्लॅस्टिक चढवलेले कार्डबोर्डही नकोत. पिना सगळ्या काढा, ओल्या लगद्यात पिन दिसत नाही आणि बोटात जाते. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते घरी करायचं नाही, विषारी आहे, आणि लहान मुलं हात तोंडात घालतात. मेथीने भागतं. टोपली आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पहिला थर पातळ द्या, अंगठ्याने फटीत दाबत जा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. जाड एकच थर दिला तर आतून ओला राहतो, वरून तडकतो आणि बुरशी येते. मोठे तडे गेले तर त्याच लगद्याने पाणी लावून बुजवा.

आमच्या टोपलीत आता आई शेंगा ठेवते. बाजूला काढलेले तक्ते अजून कपाटात आहेत, त्यांचा लगदा करायचा नाही असं मी ठरवलं आहे. आई सुपासाठी मागे लागली आहे, आणि मृग लागायच्या आत ते वाळायला हवं. तुमच्या घरी लगद्यात मेथीबरोबर आणखी काही घालत असतील तर मला जरूर लिहा. शेजारच्या आजी म्हणतात त्यांच्या माहेरी हळदही घालायचे, या वेळी घालून बघणार आहे.